धरण्याची वेळ, सोडण्याची वेळ

मुंबईच्या माणसाला एक सोय आहे. मन जड झालं की सकाळी गेटवेवरून लाँच धरायची, अलिबागकडच्या एखाद्या गावात दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. नांदेडच्या माणसाला समुद्र असा हाताशी नाही. सकाळी तपोवन एक्सप्रेसमध्ये बसलं तरी मुंबईत उतरेपर्यंत रात्र पडते. पण काठावर दिवसभर बसून यायचं असेल तर नांदेडकराला समुद्रच पाहिजे असं नाही. गोदावरी आहे, आणि मुदखेडच्या पुढे, रेल्वेच्या वाटेवर, उमरी आहे.

हे मनन त्या एका दिवसाचं. तुम्ही नांदेडचे असा, लातूरचे, पुण्यात नोकरी करणारे किंवा कधीही मराठवाड्यात पाऊल न ठेवलेले असा, आपण मनानं जाऊन येऊ. हळू वाचा. घाईनं वाचलं तर ही नुसती माहिती होईल. एकेक परिच्छेद संपला की क्षणभर नजर वर करा, श्वास येतो-जातो तो बघा आणि मग पुढे या.

पौषातली सकाळ धरू. नांदेड स्टेशनवर निजामाबादकडे जाणारी पॅसेंजर उभी आहे. उजव्या बाजूची खिडकी घ्या. गाडी सुटते, शहराची मागची भिंत सरकते, पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे, मग मोकळं शिवार. विसाव्या शतकाच्या तोंडाशी, निजामाच्या राजवटीत, हैदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेजचे रूळ पडले. त्या मार्गाचं नावच हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे होतं. आज तो ब्रॉडगेज आहे. नदी खिडकीतून फारशी दिसत नाही, पण रूळ तिच्याच खोऱ्यातून धावतात. उजव्या हाताला, तुरीच्या आणि कापसाच्या पट्ट्यांपलीकडे, ती तुमच्याच दिशेनं चालली आहे. न दिसणाऱ्या सोबतीचा हा प्रवास आहे. तिला शोधू नका. ती आहे एवढं माहीत असू द्या.

मुगट जातं, मुदखेड येतं. मुदखेडचा भाग फुलशेतीचा. इथला गुलाब, काकडा, गलांडा नांदेडच्या आणि हैदराबादच्या बाजारात जातो. सकाळी तोडलेलं फूल संध्याकाळपर्यंत विकलं गेलं नाही तर त्याची किंमत उरत नाही. इथल्या शेतकऱ्याला कुणी अनित्यतेवर प्रवचन देण्याची गरज नाही. मुदखेडलाच रूळ फुटतात. एक वाट किनवट-आदिलाबादकडे वळते, दुसरी उमरी-धर्माबादकडे. आपण दुसऱ्या वाटेवर आहोत.

गाडी पुढे निघाली की स्वतःला एक प्रश्न विचारा. घरून निघताना माझ्याबरोबर काय काय आलं? पिशवीतला डबा, पाण्याची बाटली, फोन हे झालं. त्याशिवाय? कुणाशी अर्धवट राहिलेलं बोलणं. घरातल्या कुणाचं तरी दुखणं. हप्त्याची तारीख. दहा वर्षांपूर्वीचा एक अपमान, जो अजून तसाच ताजा आहे. पोराच्या निकालाची काळजी. एकेक आठवा. ते चांगलं की वाईट हे ठरवू नका आणि यातलं काही खिडकीतून फेकून द्या असंही मी म्हणत नाही. मननाची पुस्तकं फार लवकर म्हणतात, सोडून द्या. दुष्काळ बघितलेल्या मुलखात तो सल्ला इतका सहज देता येत नाही. आपण आधी नुसतं बघू, मूठ कशावर मिटलेली आहे ते.

उमरी आलं. स्टेशन लहान, पण गाव तालुक्याचं. मोंढ्याकडे कापसाचे टेम्पो चाललेत, चहाच्या गाड्यावर कढईतून भजी निघताहेत, मराठी बोलता बोलता माणसं मध्येच तेलुगूत शिरतात, कारण तेलंगणाची सीमा इथून दूर नाही. नदीकडे जाण्याआधी या गावात थोडं रेंगाळू.

30 जानेवारी 1948 चा दिवस. दिल्लीत त्या संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली, म्हणून तो साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याच दिवशी इकडे, निजामाच्या राज्यात, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी उमरीच्या बँकेवर धाड घातली. त्यांचा तळ सीमेपलीकडे, वऱ्हाडातल्या उमरखेडला होता. लाखो रुपये त्यांच्या हाती आले. मराठवाडा मोकळा व्हायला अजून साडेसात महिने होते. 17 सप्टेंबर उजाडायचा होता.

त्या रात्री पाठीवर ती रक्कम घेऊन चालणाऱ्या एखाद्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवा. थंडी आहे, वाट अंधाराची आहे, पकडलं गेलं तर मरण आहे. पाठीवर इतके पैसे आहेत की सगळ्या घराची चिंता मिटेल. पण ते त्याचे नाहीत. ते लढ्याचे आहेत. तो त्यांना घट्ट धरून आहे, जीव गेला तरी सोडणार नाही इतकं घट्ट, आणि पोचायचं त्या ठिकाणी पोचल्यावर तो ते खाली ठेवणार आहे. धरण्याची ही एक जात आहे. आपण ज्याला माझं म्हणतो त्यातलं कितीतरी असंच आपल्या पाठीवर दिलेलं असतं. लेकरं, आईवडिलांचं म्हातारपण, नोकरीतली खुर्ची, गावाची जमीन. वाटेत टाकायचं नाही आणि पोचल्यावर अडवून धरायचं नाही.

इथे थांबा. तुमच्या पाठीवर सध्या काय आहे, जे तुमचं नाही पण तुमच्यावर सोपवलेलं आहे? एकच गोष्ट निवडा. दोन श्वास तिच्यासाठी.

याच उमरी तालुक्यात गोरटे नावाचं गाव आहे. संतकवी दासगणू महाराजांच्या नावाशी ते जोडलेलं आहे. दासगणू, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, यांचा जन्म 1868 चा. गजानन महाराजांची पोथी घराघरांत वाचली जाते ती त्यांची. त्यांचं आयुष्य सुरू झालं पोलीस खात्यात. साईबाबा त्यांना नोकरी सोड म्हणत आणि दासगणूंना ती सुटेना. बढती खुणावत होती. आज सोडतो, उद्या सोडतो म्हणत काळ गेला आणि शेवटी ती सुटली तेव्हा कीर्तनकार दासगणू महाराष्ट्राला मिळाले. मला या गोष्टीतली ती टाळाटाळ फार मोलाची वाटते. इतक्या मोठ्या माणसालाही सोडायला वेळ लागला. मग आपण एखादी गोष्ट एका रात्रीत सुटली नाही म्हणून स्वतःवर का चिडावं?

साईसच्चरितात त्यांचीच आणखी एक कथा आहे. त्यांना प्रयागला जाऊन संगमात स्नान करायचं होतं. साईबाबांची परवानगी मागायला गेले. बाबा म्हणाले, इतक्या दूर कशाला, प्रयाग इथेच आहे. आणि कथा अशी की दासगणूंनी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा बाबांच्या अंगठ्यांतून पाणी वाहू लागलं. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण दूरच्या पाण्याची ओढ असलेल्या माणसाला जवळचं पाणी दाखवणं, एवढा तिचा अर्थ आजच्या आपल्या दिवसाला पुरेसा आहे.

आता नदीकडे. उमरीहून दक्षिणेला, बळेगावच्या बाजूला ऑटोनं निघालो की काळी जमीन सुरू होते. पावसात चिखल होऊन पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. जसजशी नदी जवळ येते तसतसा कापूस कमी होतो आणि ऊस वाढतो. पाणी दिसण्याआधी ऊस सांगतो की पाणी आलं. मग चढ, बाभळींची रांग, आणि एकदम समोर उघडं पात्र.

पौषात गोदावरी इथे संथ असते. बंधाऱ्यांमुळे पाणी थोपलेलं असतं, वाहताना दिसत नाही. काठावर बसा. बूड टेकेल अशी कोरडी जागा बघा. चप्पल काढा. डबा उघडायचा असेल तर उघडा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, सोबत कांदा. घास चावताना समोर बघत राहा. पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल धुतो आहे. भोयांनी लावलेल्या जाळ्याच्या तरंगत्या खुणा पाण्यावर ओळीनं दिसताहेत.

तुमच्या डाव्या हाताला, काठाच्या उतारावर, एक मोटार आहे. तिचा जाड काळा पाईप पाण्यात उतरलेला आहे. त्याच्या पाण्यातल्या टोकाला काय असतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. फुटवॉल. लोखंडाची किंवा प्लास्टिकची, भोवती जाळी असलेली छोटीशी वस्तू. जाळी काडीकचरा आणि मासे बाहेर ठेवते. आत एक झडप असते. मोटार ओढू लागली की ती वर उचलली जाते आणि पाणी पाईपात शिरतं. मोटार बंद झाली की वरचं पाणी खाली यायला बघतं, त्याच पाण्याच्या भारानं झडप बसते आणि पाईप भरलेलाच राहतो. म्हणून पुढच्या वेळी बटण दाबलं की लगेच धार लागते. झडपेत काडी अडकली, रबर झिजलं, की रात्रभरात पाईप रिकामा होतो. मग सकाळी मोटार नुसती फिरते, हवा ओढते, पाणी येत नाही. आणि झडप उघडेनाशी झाली तर नदी भरलेली असूनही वरचा ऊस वाळतो. शेतकरी पाण्यात उतरतो, पाईपाचं टोक वर काढतो, बोटानं झडप हलवून बघतो. उघडते का, बसते का. दोन्ही बघतो.

मनालाही अशी एक झडप असते असं समजा. काही माणसांची बसत नाही. आलेलं प्रेम, शिकलेलं ज्ञान, झालेली कौतुकं सगळं गळून जातं आणि रोज सकाळी नव्यानं रिकामं उठावं लागतं. काहींची उघडत नाही. आत साठून राहतं, बाहेरच्यांना मिळत नाही आणि बाहेरचं आत येत नाही.

उजवा हात मांडीवर ठेवा, तळवा वर. श्वास आत घेताना बोटं हलकेच मिटा. श्वास सोडताना उघडा. मिटताना जोर नको, उघडताना झटका नको. असं सात-आठ वेळा करा. मग बघा, तुमचा हात सहज काय करतो. मिटणं सोपं जातं की उघडणं? उत्तर मिळालं नाही तरी चालेल. तुमच्याकडून दोन्ही होतं, एवढं हाताला कळू द्या.

आता नजर पात्रावर पुन्हा न्या. हे थोपलेलं पाणी कुठून आलं? त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून. तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं आहे, म्हणून गोदावरीनं जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवली आणि 1465 किलोमीटरची वाट धरली. वाटेत पैठणला जायकवाडीनं तिला अडवलं, नांदेडला विष्णुपुरीनं, मग आमदुरा, बळेगाव, आणि पुढे धर्माबाद तालुक्यात बाभळी. एकेका ठिकाणी ती थांबली, शेतं भिजली, माणसांनी घागरी भरल्या आणि उरलेली ती पुढे गेली.

बाभळीचं वेळापत्रक मनात नीट बसवून घेण्याजोगं आहे. पाण्याच्या वाट्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं 28 फेब्रुवारी 2013 रोजी निकाल दिला. बंधाऱ्याला 14 गेट आहेत. दर वर्षी 1 जुलैला ती उघडायची आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडीच ठेवायची. पावसाळ्याचं पाणी खाली, तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाकडे जाऊ द्यायचं. त्यानंतर गेट टाकायची आणि उरलेलं पाणी, जास्तीत जास्त 2.74 टीएमसी, आपल्याकडे धरायचं. त्यातलंही 0.6 टीएमसी 1 मार्चला खालच्यांसाठी सोडायचं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. अनेकांना हा निकाल टोचला, कारण नेमक्या पुराच्या दिवसांत दारं उघडी राहतात आणि परतीच्या पावसानं पाठ फिरवली तर धरायला फारसं उरत नाही. ती टोचणी खरी आहे. इथल्या माणसानं 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. लातूरची तहान भागवणारी मांजरा कोरडी पडली होती. तीच मांजरा भरते तेव्हा वळसे घेत कंदकुर्तीला येऊन याच गोदावरीत मिळते.

म्हणून धरणाऱ्याला लोभी म्हणू नका. फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसलेल्या माणसाचं पाणी धरणं हे प्रेम आहे. घरात पोरं आहेत, गोठ्यात जनावरं आहेत, त्यांच्यासाठी ते धरणं आहे. आणि खाली श्रीरामसागराच्या कालव्यावर वाट बघणाऱ्या माणसाच्या घरातही पोरं आहेत, गोठ्यात जनावरं आहेत. बंधाऱ्याच्या एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकलेली ही दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांनाही तहान आहे. दोघांपैकी एकाला चूक ठरवल्याशिवाय थोडा वेळ बसून राहा. हे अवघड आहे. जमेल तितका वेळ बसा.

मग हेच घरात आणा. नवरा-बायकोत, भावाभावांत, सासू-सुनेत, ऑफिसात. कुणाच्या तरी वाट्याचं आपण धरून बसलो आहोत का? किंवा कुणी आपलं पाणी अडवलंय असं वाटतं का? त्या माणसाची तहान आपण कधी विचारली आहे का?

ऊन कलायला लागलं. आता तुम्हाला समुद्र दाखवतो. डोळे मिटा. समोरच्या पाण्यातला एक हिस्सा निवडा आणि त्याच्याबरोबर मनानं चला. बाभळी ओलांडली, कंदकुर्तीला मांजरा भेटली. बासरला सरस्वतीच्या देवळाशेजारून, रेल्वेच्या पुलाखालून पाणी पसरट झालं, कारण श्रीरामसागराचा फुगवटा तिथवर येतो. तिथे ते थांबलं. कुणाच्या तरी भातात गेलं. जे उरलं ते पुढे. प्राणहिता मिळाली, इंद्रावती मिळाली, नदी पोसली. भद्राचलमला रामाचं देऊळ. मग पापी कोंडलूच्या डोंगरांमधली चिंचोळी वाट आणि पलीकडे राजमहेंद्रीचं अफाट पात्र. धवळेश्वरमला पुन्हा अडवणूक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आर्थर कॉटननं बांधलेल्या बंधाऱ्याच्या जागी. तिथून फाटे फुटले. वसिष्ठा नावाचा फाटा नारळीच्या बागांतून अंतर्वेदी या गावाला पोचतो. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे, कोळ्यांच्या होड्या आहेत, आणि पुढे बंगालचा उपसागर.

उमरीच्या शेतकऱ्यानं सोडलेलं पाणी अंतर्वेदीच्या कोळ्याच्या होडीखाली येतं. दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत. उमरीचा माणूस समुद्र बघेल न बघेल, पण त्याच्या हातून गेलेलं तिथे पोचतं. आईनं वाढवलेलं पोर परगावी जाऊन कुणाच्या उपयोगी पडतं, मास्तरांनी शिकवलेला हिशेब कुणाच्या दुकानात चालतो, ते त्यांना कळतंच असं नाही. तुमच्या हातून गेलेलं काय काय, कुठे कुठे पोचलं असेल? नावं ठाऊक नसली तरी मनातल्या मनात त्या माणसांना बरं असू दे म्हणा. आणि तुमच्यापर्यंत जे आलं, ते ज्यांनी वर कुठेतरी सोडलं, त्यांनाही.

डोळे उघडा. पाय झटका, चप्पल घाला. संध्याकाळची गाडी आहे.

परतीच्या गाडीत बहुधा दाटी असते. पोतं, पिशव्या, झोपलेली लेकरं. सकाळी जे बरोबर आणलं होतं ते आठवा. अपमान, हप्ता, दुखणं, काळजी. यातलं बरंचसं परत घरी चाललं आहे आणि त्यात काही बिघडलेलं नाही. दिवसभरात एवढंच व्हायला हवं होतं की त्यातल्या कशाची वेळ धरण्याची आहे आणि कशाची सोडण्याची, हे वेगळं दिसावं. घरातल्या आजाऱ्याचा हात धरण्याची वेळ आहे. तो घट्ट धरा, कुणी आसक्ती म्हणालं तरी. मोठ्या झालेल्या मुलाचं गाव, नोकरी, जोडीदार यावरची पकड सैल करण्याची वेळ आली असेल. जुना अपमान कदाचित अजून एक पावसाळा मागेल. दासगणूंना वेळ लागला, तुम्हालाही लागू द्या.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन एक वही घ्या. एका ओळीत लिहा, मी हे धरतो. दुसऱ्या ओळीत लिहा, मी हे सोडतो. एकेकच गोष्ट, जास्त नको. आणि दोन्हीपुढे तारीख टाका, कधीपासून, कधीपर्यंत. बाभळीला न्यायालयानं तारखा ठरवून दिल्या म्हणून तिथे पाणी अडतंही आणि जातंही. तारीख नसली की धरण्याचा हट्ट होतो आणि सोडणं नुसतं बोलण्यापुरतं राहतं. तुमच्या तारखा तुम्हीच ठरवा. ज्याच्यासाठी धरता आहात आणि ज्याच्यासाठी सोडता आहात, त्या दोघांनाही त्या सांगा. मग पाळा.